वेस कुणाची, पहारा कुणाचा?

जुन्या गावगाड्यात वेसकराचे काम महाराकडे असे. रात्री वेशीचे दार लावायचे, परका माणूस आला तर त्याला अडवून पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, शिवेचा तंटा उभा राहिला तर शिव कोठून जाते ते सांगायचे. शिवेच्या बाबतीत महाराचा शब्द प्रमाण मानीत. गावाच्या संरक्षणाचा एवढा भार ज्याच्या शिरावर, त्याचे घर मात्र वेशीच्या बाहेर. दरोडा पडला तर पहिला घाव त्याच्यावर, आणि दरोडेखोर निसटले तर पहिला संशयही त्याच्यावरच. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याचे कोंदण दिले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ते मार्गी लागले नाही. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि वेसकर इतिहासजमा झाला.

तो खरोखरच इतिहासजमा झाला काय, हा प्रश्न मला पडला तो एका अगदी वेगळ्या विषयाच्या निमित्ताने. परकीय सायबर हल्ल्यापासून राष्ट्राचे संरक्षण कसे करावे यावर आपल्या देशात गेली काही वर्षे वाद चालला आहे. आपल्या चळवळीतील पुष्कळांना हा विषय आपला वाटत नाही. वस्तीत पाण्याचा नळ नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, तेथे संगणकावरच्या हल्ल्याची चर्चा कशाला, असे एका कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारले. त्याचा राग खरा आहे. पण आज शिष्यवृत्ती संगणकातून येते, रेशन अंगठ्याच्या ठशावर मिळते, दवाखान्याचा केसपेपर पडद्यावर निघतो. हे सारे ज्या तारांवर चालते त्या तारांचे रक्षण कोण करतो, कोणापासून करतो आणि कोणासाठी करतो, हे विचारणे आता आपल्याला टाळता येणार नाही. या वादाचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. त्याचा इतिहास मांडावा आणि त्यातून आपल्याला काय घ्यायचे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

१२ ऑक्टोबर २०२०. वार सोमवार. करोनाचे दिवस. मी ठाणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्ग बंद असल्याने घरूनच मोबाइलवर तास घेत होतो. सकाळी दहा वाजून गेले आणि पडद्यावरची विद्यार्थ्यांची नावे एकेक करून नाहीशी झाली. मग माझाही पंखा थांबला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या सगळ्या पट्ट्याची वीज गेली होती. महापारेषणच्या कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि महानगराचा पुरवठा कोसळला. असे संकट आले तर मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून तोडून बेटासारखे सुरक्षित ठेवायचे, अशी योजना या शहरासाठी फार पूर्वीपासून होती. त्या दिवशी तीही उपयोगी पडली नाही. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रुग्णालये जनित्रावर आली, आणि अतिदक्षता विभागांसाठी डिझेलचा साठा करण्याचे आदेश महापालिकेला द्यावे लागले. काही भागांत दोनएक तासांत वीज आली. उपनगरांतल्या काही वस्त्यांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली.

त्या दिवसांत लोकलने फक्त अत्यावश्यक सेवेतील माणसे प्रवास करीत. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची आई रुग्णालयात सफाईचे काम करते. ती दोन स्थानकांच्या मध्ये अडकली, मग खाली उतरून रुळावरून चालत कामावर गेली. उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. मुलीने हे मला चार दिवसांनी सांगितले, तेही मी तिला तासाला का नव्हतीस असे विचारले तेव्हा. पुढे या घटनेवर जे अहवाल, निवेदने, भाषणे झाली त्यांत या बाईचे कोठे नाव नाही, आणि असणारही नव्हते. मी मात्र हा सगळा वाद तिच्या पायांखालच्या रुळावरून वाचला.

२

वाद कसा पेटला ते क्रमाने पाहू.

राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते, केंद्रात भारतीय जनता पक्षाचे. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचा आदेश दिला. ऊर्जा खाते डॉ. नितीन राऊत यांच्याकडे होते. घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असे त्यांनी त्याच आठवड्यात सांगितले. राज्य वीज नियामक आयोगानेही आपणहून दखल घेऊन चौकशी हाती घेतली. त्याच वर्षीच्या १५ जूनला गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान मारले गेले होते. साहजिकच लोकांच्या मनातला संशय कोणत्या दिशेला वळणार हे ठरलेले होते.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक वृत्त दिले. ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या तेथील कंपनीच्या अभ्यासावर ते आधारलेले होते. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातील दहा संस्थांना लक्ष्य केले. देशातील पाच प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांपैकी चार केंद्रे त्यांत होती. दोन बंदरेही होती. त्या गटाला कंपनीने ‘रेडएको’ असे नाव दिले. मुंबईच्या अंधाराचा या गटाशी संबंध सिद्ध झालेला नाही, असे खुद्द त्या कंपनीनेच नमूद केले होते. पण वादाच्या धुराळ्यात हे वाक्य कोणालाही नको होते.

१ मार्चला राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पत्रकार परिषद घेतली. राज्याच्या सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल त्यांनी ऊर्जामंत्र्यांच्या हाती दिला. वीज मंडळाच्या संगणकांत १४ ‘ट्रोजन हॉर्स’, म्हणजे वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या आणि आत चोर घेऊन येणाऱ्या आज्ञावल्या, शिरवल्या गेल्या असाव्यात. परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी माहितीची हलवाहलव झाली असावी. घातपाताचा संशय घेण्यास जागा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ते खोडून काढले. दोन पथकांनी तपास केला. वीज गेली ती मानवी चुकीमुळे. भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले हे खरे, परंतु त्यांचा मुंबईच्या बिघाडाशी संबंध नाही आणि त्यामागे चीन वा पाकिस्तान असल्याचा पुरावाही नाही, असे ते म्हणाले. सावधगिरीच्या सूचना १९ नोव्हेंबर २०२० आणि १२ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय यंत्रणांकडून आल्या होत्या, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने मान्य केले. चीनने आरोप फेटाळला.

आता यात कोणाचे हित कोठे गुंतले होते, हे उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. महापारेषण ही राज्य सरकारची कंपनी. बिघाड परक्या शत्रूने केला असे ठरले तर राज्याच्या कारभाराची देखभाल कशी होती हा प्रश्न मागे पडतो. दुसरीकडे, त्याच फेब्रुवारीत लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठावरून दोन्ही सैन्ये मागे घेतली गेली होती. तेव्हा चीनने देशाची आर्थिक राजधानी अंधारात लोटली, असे कबूल करणे केंद्राला गैरसोयीचे होते. एकाला शत्रू हवा होता, दुसऱ्याला तो नको होता. देशभक्तीची भाषा दोघेही बोलत होते. सामान्य नागरिकापुढे जे आले ते म्हणजे पत्रकार परिषदेतील वाक्ये. ज्यावरून त्याला खरेखोटे ठरवता येईल असा पुरावा ना मुंबईने त्याच्या हाती दिला, ना दिल्लीने.

३

‘मानवी चूक’ हा शब्द मला इतिहासाचा शिक्षक म्हणून थांबवतो. चूक मानवी आहे असे म्हटल्याबरोबर व्यवस्था सुटते. भार प्रेषण केंद्रात बसलेला माणूस चुकला असेलही. पण काही वाहिन्या आधीच बंद असताना उरलेल्या वाहिन्यांवर महानगराचा भार टाकण्याची वेळ का आली, पर्यायी वाहिन्यांची कामे का रखडली, बेट करण्याची योजना ऐन वेळी का फसली, हे प्रश्न त्या एका माणसाच्या खुर्चीपाशी संपत नाहीत. रात्री वेशीचे दार मोडले तर दार किती वर्षांचे होते हे पाटील विचारीत नसे. वेसकर झोपला होता काय, एवढेच विचारीत असे.

परकीय हल्ल्याचा धोका खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून हल्लेखोरांनी उपकेंद्रे दुरून बंद केली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. सायबर हल्ल्याने वीजपुरवठा बंद पाडल्याचे जगाच्या इतिहासातील हे पहिले सिद्ध झालेले उदाहरण मानतात. पण त्या घटनेचा उत्तरार्ध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. संगणक हातचे गेल्यावर तेथील कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी खटके ओढून वीज परत आणली. काही तासांत दिवे लागले. मोठमोठ्या यंत्रणा हरल्या तेव्हा ज्यांना उपकेंद्राचा कानाकोपरा ठाऊक होता अशा माणसांचे हात कामी आले.

म्हणजे राष्ट्राच्या संरक्षणाची शेवटची फळी कोणती? उपकेंद्रावरचा चालक, तारेवर चढणारा वायरमन, भर पावसात खांबाला शिडी लावणारा मदतनीस. आपल्याकडे या फळीची अवस्था काय आहे? २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी माणसे येत गेली. जानेवारी २०२३ मध्ये वीज कंपन्यांचे कर्मचारी खासगीकरणाच्या विरोधात संपावर गेले तेव्हा कंत्राटी कामगारही त्यांच्यासोबत होते. सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला. बोलणी होऊन संप त्याच दिवशी मिटला. संपाच्या दिवशी अत्यावश्यक आणि पगाराच्या दिवशी कंत्राटी, असा हा माणूस आहे. जुन्या बलुत्यात याहून वेगळे काय होते?

माझे वडील एका कंत्राटदाराकडे विजेचे खांब उभारायच्या कामावर होते. खड्डे खणायचे, खांद्यावर खांब वाहायचे, दोर धरून तो उभा करायचा. आमच्या गावातले खांब त्यांच्याच टोळीने उभे केले. गावात दिवे लागले ती रात्र ते आम्हाला नेहमी सांगत. आमच्या वस्तीत दिवा लागला तो त्यानंतर सात वर्षांनी. वडील शाळेत गेले नव्हते. मी घरातला पहिला पदवीधर. राष्ट्रीय सुरक्षेवरची जाडजूड पुस्तके मी पुढे वाचली. वीजवाहिनी ही राष्ट्राची रक्तवाहिनी आहे असे एका पुस्तकात वाचले तेव्हा मला वडिलांच्या खांद्यावरचे घट्टे आठवले. रक्तवाहिनी राष्ट्राची आणि घट्टे आमचे, हा हिशेब कोणत्याच पुस्तकात मांडलेला नव्हता.

४

आता कायद्याकडे येऊ. संरक्षणाच्या नावाने झालेले कायदे पुढे कोणावर चालतात, हे इतिहास फार स्पष्टपणे सांगतो.

१८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी लोकांच्या तारा अडवण्याचा व वाचण्याचा अधिकार सरकारला दिला. परक्या राज्यकर्त्याने एतद्देशीय प्रजेच्या भीतीपोटी केलेला तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तर वर्षे टिकला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली, पण तो अधिकार राहिलाच. संगणकाच्या जगात तोच अधिकार २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील एकोणसत्तराव्या कलमाने आला.

या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक २००६ च्या डिसेंबरापासून पडून होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्यानंतर महिन्याच्या आत ते विधेयक संसदेत फारशी चर्चा न होता संमत झाले. सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारे कलम त्यातूनच आले. महत्त्वाच्या संगणकीय यंत्रणांच्या रक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र असावे ही तरतूद त्यातलीच. ते केंद्र २०१४ मध्ये स्थापन झाले. या तरतुदींची गरज होती. पण त्याच गाठोड्यातून ‘सहासष्ट अ’ हे कलमही आले. त्रासदायक, अपमानकारक अशा सैल शब्दांवर माणसाला तीन वर्षे तुरुंगात धाडण्याची सोय त्यात होती. कोणत्या परकीय शत्रूवर ते चालले? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या आणि त्या पसंत करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींवर ते चालले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. हल्लेखोर समुद्रातून आले होते, कलम मात्र आपल्याच मुलींच्या दारात जाऊन उभे राहिले.

५

ज्या फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईच्या अंधारामागे परकीय हात असल्याचे वृत्त आले, त्याच महिन्यात आणखी एक अहवाल प्रसिद्ध झाला. तोही अमेरिकेतूनच. संगणकांची न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या कंपनीने भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली होती. हल्लेखोराने बावीस महिन्यांहून कमी नाही इतका काळ त्या संगणकाचा ताबा घेतला होता, आणि ज्या पत्रांच्या आधारे आरोप ठेवले गेले ती पत्रे बाहेरून त्यात ठेवली गेली होती, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे त्याच वर्षी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही असाच अहवाल आला. हल्लेखोर कोण, हे कंपनीने सांगितले नाही. अहवाल बचाव पक्षाने न्यायालयापुढे ठेवले. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाहीत. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. माझा प्रश्न संरक्षणाच्या वादापुरता आहे.

वीज मंडळाच्या संगणकात १४ ट्रोजन असावेत या संशयावरून विधिमंडळ दणाणले, केंद्रीय मंत्री धावून आले, परराष्ट्राने खुलासे केले. नागरिकाच्या संगणकात परका शिरला, त्याने तेथे पुरावा पेरला असे तज्ज्ञ म्हणतात, तेव्हा तो हल्ला कोणी केला याचा शोध घेणे हे राष्ट्राचे संरक्षण नव्हे काय? या प्रकरणात ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे २०१८ पासून तुरुंगात होते. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेपुढे हजर व्हावे लागले. त्यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत, माझेही काही आहेत. पण नागरिकाचा संगणक राष्ट्राच्या वेशीच्या आत येतो की बाहेर, या प्रश्नाला मतभेदांशी काही देणेघेणे नाही.

त्यानंतर जुलै २०२१ मध्ये ‘पेगॅसस’चे प्रकरण बाहेर आले. इस्रायली कंपनीने बनवलेली ही हेरगिरीची आज्ञावली. ती सरकारांनाच विकली जाते, असे ती कंपनी सांगते. भारतातील पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकीय पुढारी यांचे दूरध्वनी तिचे लक्ष्य होते असा आरोप झाला. संसदेचे पावसाळी अधिवेशन या मागणीच्या गदारोळात गेले. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणजे न्यायालयाने डोळे मिटावेत असे होत नाही, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ दूरध्वनींपैकी पाचांत घातक आज्ञावली आढळली, ती पेगॅससच होती असे ठामपणे सांगता आले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले. शस्त्र परदेशी होते. ते चालवणारा हात कोणाचा होता, हे त्यानंतरही सांगितले गेले नाही.

६

या सगळ्यातून एक धागा जातो: गुप्ततेचा. २०१९ च्या ऑक्टोबरात तामिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या संगणकात घातक आज्ञावली शिरल्याची बातमी फुटली. केंद्राने आदल्या दिवशी ती नाकारली आणि दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय संगणकापुरती ती मान्य केली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले. सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्या, अहवाल हे सारे कागदावर आले. खासगी रुग्णालय परवडत नाही म्हणून दूरदूरच्या राज्यांतून येऊन फुटपाथवर मुक्काम करणारे रोगी तेथे असतात. रांगा वाढल्या त्या त्यांच्या.

आणि अशा हल्ल्यांची नोंद ठेवणारी जी केंद्रीय संस्था, ‘सर्ट-इन’, ती २००४ साली स्थापन झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात किती लढा द्यावा लागला ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शत्रूला आपले कच्चे दुवे कळू नयेत हे मान्य. परंतु शत्रूला ते बहुधा ठाऊकच असतात, म्हणून तर तो आत शिरतो. ठाऊक नसते ते रांगेतल्या रोग्याला आणि रुळावरून चालणाऱ्या बाईला.

७

बाबासाहेबांकडे मी शेवटी येतो, ते त्यांच्या नावाने लेखाची सांगता करण्याची रीत आहे म्हणून नव्हे. वीज आणि संरक्षण या दोन्ही विषयांवर त्यांनी प्रत्यक्ष काम केलेले आहे.

१८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताचा आधार घेऊन महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेब गेले, आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. देशाचे रक्षण करण्याचा अधिकार हा नागरिकत्वाचा भाग आहे, ती कोणी दिलेली चाकरी नव्हे, ही त्या लढ्यामागची दृष्टी होती.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, असे प्रश्न उभे केले. आणि औद्योगिकीकरणाच्या मार्गाने या देशातील माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवणे हे विजेचे अंतिम प्रयोजन असल्याचे मांडले. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत आले. मुंबईच्या अंधारावर जो वाद झाला त्यात विजेच्या प्रयोजनाचा हा प्रश्न कोणीही विचारला नाही. शेअर बाजार चालू राहिला काय, हे मात्र पहिल्या तासातच विचारले गेले.

ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे देताना बाबासाहेबांनी संरक्षण खर्चाचा हिशेब मांडला होता: वर्षाच्या ३५० कोटी महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, मग भुकेल्यांसाठी काय उरते? त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी याहून मुळाचा इशारा दिला होता. या देशाने स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे, हे इतिहासाचे दाखले देऊन त्यांनी दाखवले, आणि हजारो जातींत विभागलेल्या लोकांचे राष्ट्र कसे होणार असे विचारले. त्यांच्या लेखी बंधुता ही भावनेची चैन नव्हती. ती संरक्षणाची पहिली अट होती. ज्या भिंतीच्या विटा एकमेकींना धरीत नाहीत ती भिंत बाहेरच्या धक्क्याने कोसळते. धक्का तोफेचा असो की संगणकाच्या कळीचा.

तेव्हा या वादात आपण काय म्हणायचे? केंद्र खरे की राज्य, याची पंचाईत आपण करू नये. आपल्या मागण्या साध्या आहेत. लोकांच्या जगण्यावर परिणाम करणारा हल्ला वा बिघाड झाला की त्याचा चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत विधिमंडळापुढे यावा. त्यातला शत्रूच्या उपयोगाचा भाग झाकावा, पण जबाबदारीचा भाग झाकू नये. वाहिन्या, उपकेंद्रे, रुग्णालयांचे संगणक सांभाळणारा माणूस कायम नोकरीत असावा, त्याला शिक्षण मिळावे, आणि चूक झाली तर त्याच्या वरच्यांचीही चौकशी व्हावी. नागरिकाच्या संगणकात परका शिरल्याचा पुरावा पुढे आला तर त्याचा तपास सरकारच्या कह्यात नसलेल्या यंत्रणेने करावा. आणि रुग्णालयावर हल्ला झाला तर आपल्या कागदांचे काय झाले, हे रोग्याला त्याच्या भाषेत सांगितले जावे.

गेल्या वर्षी मी हा सारा इतिहास वर्गात शिकवला. तीच विद्यार्थिनी, जिची आई रुळावरून चालत गेली होती, आता पदवीधर होऊन पुढच्या शिक्षणाची तयारी करीत आहे. ती मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसली होती. तास संपल्यावर तिने विचारले, “सर, पण आईचा अर्धा दिवस कुणाच्या खात्यावर लिहायचा? चीनच्या, की मानवी चुकीच्या?” मला उत्तर देता आले नाही. राष्ट्राच्या संरक्षणाची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला पाहिजे, एवढेच मी तिला म्हणालो.

पहारा द्यायला आपण कधी नाही म्हटलेले नाही. वेशीवर दिला, सीमेवर दिला, आज खांबावर चढून देतो आहोत. पण आता पहारा द्यायचा तर घर वेशीच्या आत हवे. आणि शिव कोठून जाते हे सांगण्याचा आपला जुना अधिकार, जो एकट्या महाराच्या शब्दाला होता, तो या देशाच्या प्रत्येक नागरिकाच्या शब्दाला हवा.